डावं बटण

आमचे सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. संस्थेच्या अध्यक्षांना करायचे आणि कालच दहावी पास होऊन आलेल्या पोरालाही करायचे. नावानं मात्र कुणालाच हाक मारायचे नाहीत. सगळ्यांना एकच हाक, “अहो कारागीर.” वर्गात आम्ही बावीस जण. सरांनी हाक मारली की बावीस माना वर व्हायच्या. चष्म्याच्या जाड काचांमागे त्यांची नजर नक्की कुणावर आहे ते कळायचं नाही, त्यामुळे पुष्कळदा दोघं-तिघं एकदम उभे राहायचे. सर मग तिघांनाही प्रश्न विचारायचे.

त्यांच्याबद्दल मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. वकिलांनी विचारलं, माझ्या वडिलांनी विचारलं, कंपनीतल्या लोकांनी तर विचारून हैराण केलं. माणूस शहाणा की चक्रम? तुमच्या बाजूचा की त्यांच्या? मी दर वेळी काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं, हे नाही, दुसरंच सांगायला हवं होतं.

डहाणूहून तलासरीकडे जाताना आत वळलं की एका संस्थेची छोटी खाजगी आयटीआय होती. पत्र्याच्या तीन शेड, मागे भाताची खाचरं. मी नरपडची. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. इलेक्ट्रिशियनला प्रवेश घेतला तेव्हा घरात आठ दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नव्हतं. बावीस जणांत मुली दोनच, मी आणि झरीची सविता. ती फिटरला होती. तिच्या घरी भात आणि नाचणीची थोडी शेती, बाकी मजुरी. वर्कशॉपचा तास सगळ्यांना एकत्र असायचा आणि तो सर घ्यायचे. यंत्र कसं हाताळायचं आणि त्यापासून हातपाय कसे वाचवायचे, हे त्यांचे दोन विषय. त्यांच्या मते तो एकच विषय होता.

लेथसमोर गेलं की लगेच हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. हात मागे बांधायचे आणि एक मिनिट यंत्राकडे नुसतं बघायचं. मग हे यंत्र आता काय काय करू शकेल ते सांगायचं, आणि मगच चालवायचं. बाहेरून परीक्षक आले तेव्हाही आम्ही बावीस जण बावीस मिनिटं असे हात बांधून उभे. परीक्षकांना वाटलं वीज गेलीय.

“फिरेल,” मी पहिल्यांदा सांगितलं होतं.

“ते पंखाही फिरतो. तुम्ही सांगा, कारागीर,” सर सविताकडे वळले.

सविता लेथभोवती एक चक्कर मारून आली. मग म्हणाली, “सर, आपण बंद केल्यावरपण हे थोडं फिरणार. तेव्हा आपल्याला वाटणार थांबलंय.”

सरांनी खिशातून वही काढली आणि ते लिहून घेतलं. अशी एक वही कायम त्यांच्या खिशात असायची, वाण्याकडे मिळते तसली लांबट, लाल पुठ्ठ्याची. त्यात ते लोकांची वाक्यं लिहायचे. त्या दिवसापासून सविता त्यांची आवडती विद्यार्थिनी झाली, म्हणजे तिला ते आणखी अवघड प्रश्न विचारायला लागले.

सर बोर्डीचे. बोलण्यात गुजराती हेल, वाक्याच्या शेवटी “बरोबर ने?” लावायची सवय. एकटेच राहायचे. त्यांच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती. दर रविवारी ती अंगणात पूर्ण खोलायची आणि संध्याकाळपर्यंत परत जोडायची, हा त्यांचा नेम. आम्ही दोघी एकदा बोर्डीला गेलो असताना त्यांच्याकडे डोकावलो, तर सर गाडीशेजारी पाटावर बसून हातातल्या बोल्टकडे बघत होते.

“उरला,” ते म्हणाले.

“परत खोला ना मग,” सविता म्हणाली.

“खोलली. दोनदा. दोन्ही वेळेला हा उरला. आणि गाडी चालते, चांगली चालते. मग हा आत होता तेव्हा काय करत होता?”

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांना खरंच काळजी लागली होती. आम्ही निघालो तेव्हाही ते तसेच बसले होते, आणि सोमवारी वर्गात आल्या आल्या त्यांनी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला. उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. सरांना उत्तर न मिळालेले प्रश्न फळ्यावर लिहायची लाज वाटायची नाही. मला मात्र ते बघून अस्वस्थ व्हायचं. शिक्षकाला माहीत नसेल तर आम्ही कुणाकडे बघायचं?

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वाचलेला वेळ. कुणाच्या घरी गेले की ते आधी विचारायचे, नवीन यंत्र कुठलं घेतलं. मिक्सर, घरघंटी, पाण्याची मोटर, काहीही. मग विचारायचे, यानं वेळ किती वाचतो. आणि मग, “वाचलेला वेळ कुठे आहे?” लोक बिचारे गोंधळायचे. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या काकांना भात झोडणीच्या मशीनबद्दल इतकं छेडलं, की काका जेवणाच्या पंगतीतून उठून दुसऱ्या पंगतीला बसले.

आमच्या घरीही ते आले होते, माझी फी राहिल्याचं निमित्त करून. वडील त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते. आई चहा घेऊन बाहेर आली तर सरांनी तिला मिक्सरबद्दल विचारलं. आई माझी कमी बोलणारी. तिनं खरंच विचार केला. म्हणाली, “पूर्वी पाट्यावर वाटायची तेव्हा दोन दिवसांचं वाटण एकदम करायची. मिक्सर आला तशी यांना रोज ताजं लागायला लागलं. आता रोज वाटते.”

सर इतके खूश झाले की त्यांनी चहा खाली ठेवून ते लिहून घेतलं, आणि आईला दोनदा वाचून दाखवलं. आई त्या दिवशी जरा वेगळीच दिसत होती. नंतर ती मला म्हणाली, “हे मास्तर शिकवतात ते शिकून घे.” काय शिकवतात ते मात्र आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या वर्षी गुजरातच्या हद्दीजवळच्या एका कंपनीचे लोक भरतीसाठी आले. जेवणाच्या डब्यांना बाजूला स्टीलच्या कड्या असतात, त्या बनवणारी कंपनी. मुलाखती संपल्यावर सरांनी त्यांच्या साहेबांना विचारलं, “तुमच्याकडे कामगाराला मशीन थांबवता येतं?”

“अर्थात. लाल बटण असतं ना प्रत्येक मशीनला.”

“बटण मी पाहिलंय. त्यानं दाबल्यावर पुढे काय होतं?”

“मशीन थांबतं.”

“आणि माणसाचं काय होतं?”

साहेबांना प्रश्न कळला नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही कळला नाही. आम्हा दोघींची निवड झाली होती आणि सरांनी काही बोलून नोकरी घालवू नये एवढंच आम्हाला वाटत होतं. नोकरी गेली नाही. सरांनीच घोलवडहून पेढे आणून वर्गात वाटले.

कंपनीत मी मेंटेनन्सला लागले आणि सविता प्रेसवर. प्रेस म्हणजे ठोकळ्याचं मशीन. खालच्या साच्यात स्टीलची पट्टी ठेवायची, वरून जड ठोकळा येतो, पट्टी दाबून कडीचा आकार देतो आणि वर जातो. माणसाचे हात त्याखाली सापडू नयेत म्हणून दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्यात कुठलाच हात नसणार, असा त्यातला विचार.

पण तसं केलं तर टार्गेट होत नाही. पट्टी ठेवा, दोन्ही हात बाहेर काढा, दाबा, परत हात आत घाला. डावं बटण आतून तारेनं जोडून टाकलं तर मशीनला वाटतं ते दाबलेलंच आहे. मग डाव्या हातानं पट्ट्या सरकवत राहायच्या आणि उजव्यानं दाबत राहायचं. त्या तारेच्या तुकड्याला सगळे जंपर म्हणायचे. माझ्या बोटाएवढी तार.

लागल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात सुपरवायझर मला म्हणाला, “बेन, तीन नंबरला डाव्या बटणाला जंपर मार ने.”

“त्यानं सेफ्टी जाते,” मी म्हणाले.

“बद्धांना, सगळ्यांना आहे. तू एकटीच नवीन शिकून आली?”

मी मारला. मग पाच नंबरला मारला, मग नऊला. पहिल्या वेळी मी आधी आजूबाजूला बघून घेतलं होतं. नंतर मी ते डबा खाता खाता करून यायला लागले.

सविताचा सात नंबर. ती दोन बटणांनीच काम करायची, आणि शेडमधल्या फळ्यावर रोज तिच्या नावापुढे कड्यांचा सगळ्यात कमी आकडा यायचा. महिन्याभरानं तीच माझ्याकडे आली. “माझ्यावरपण मार ना.”

“तू पण?”

“बाकीच्यांना मारलास ना. कॉन्ट्रॅक्टवाला म्हणतो, पुढच्या महिन्यात ठेवणार नाही. काय करू?”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आमच्या वर्गात यंत्राकडे सगळ्यात नीट बघणारी ती. तिला कळत नव्हतं असं नाही. मी जंपर मारला, आणि ती म्हणाली, “थँक्यू.”

सव्वा महिन्यानं, दुपारच्या सुट्टीनंतर, एक पट्टी साच्यात तिरकी बसली. ती सरळ करायला डावा हात आत गेला आणि तेवढ्यात उजव्या हातानं बटण दाबलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. ओरडणं ऐकू आलं नाही, कारण सविता ओरडली नाही. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबत गेली, त्या शांततेनं कळलं.

तिला गाडीत घालून नेलं. अर्ध्या तासानं सुपरवायझर माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “बेन, सातचा जंपर काढून घे.” मी पक्कड घेऊन गेले आणि काढला. कशी गेले, का गेले, ते मला आजही सांगता येत नाही. पाय गेले, हातानं काम केलं. दुसऱ्या दिवशी पाहणीसाठी लोक आले तेव्हा सात नंबर दोन्ही बटणांनी चालत होता आणि कागदावर लिहिलं गेलं, कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

सरांना बातमी कळली तसे ते झरीला गेले. मी त्यांच्याबरोबर होते. मला वाटलं होतं सर तिला धीर देतील. सविता ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, हाताला मोठं बँडेज. सर समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “काय झालं ते सांगा.”

तिनं सांगितलं. जंपरचंही सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही, ‘मारून घेतला’ एवढंच म्हणाली.

“हात आत जाऊ नये हे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं, सर.”

“मग कसा गेला?”

“गेला.”

“पण माहीत असताना कसा गेला?”

सविताचे डोळे भरून आले. सरांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा तिची आई आतून बाहेर आली. “मास्तर, चहा घ्या आणि निघा आता,” ती म्हणाली. सरांनी चहा घेतला नाही.  मला त्यांचा इतका राग आला होता की रस्त्यापर्यंत मी त्यांच्या पुढे पुढे चालत राहिले. आणि रागाच्या आत भीती होती, की ते आता मला विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, सकाळच्या पाळीला, कॉन्ट्रॅक्टच्या नव्या माणसांच्या रांगेत मला सर दिसले. हेल्परचा निळा शर्ट, तो त्यांना खांद्यात घट्ट होत होता. मी जवळ गेले तर म्हणाले, “कारागीर, मला ओळखू नका. महिन्याची रजा काढलीय.”

“कशाला सर?”

“बघायला.”

त्यांनी सात नंबर मागून घेतला. त्या मशीनवर बसायला कुणी तयार नव्हतंच. छप्पन्न वर्षांचा माणूस, सगळे त्यांना काका म्हणायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी हात मागे बांधून पूर्ण एक मिनिट मशीनकडे बघितलं. सुपरवायझर म्हणाला, “काका, दर्शन झालं असेल तर चालू करा.” लोक हसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पाहणीपुरते काढलेले इतर मशीनांचे जंपर तोवर परत लागले होते. सात नंबरचाच नव्हता. सर दोन बटणांनी काम करायचे. फळ्यावर सगळ्यात खाली ‘काका’. रोज आकडा थोडा वर जायचा, पण शेजारच्या मशीनच्या जवळपासही नाही. त्यांच्यामुळे पुढच्या टेबलावर कड्या जोडणाऱ्या बायकांचं काम अडायचं. त्या सरांना बोलायच्या नाहीत, नुसत्या हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसायच्या. सहाव्या-सातव्या दिवशी सरांनी ते एक मिनिट सोडून दिलं. खिशातली वही त्यांनी कधी बंद केली ते माझ्या लक्षात आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते डोळे मिटून बसायचे.

अकराव्या दिवशी ते मेंटेनन्सच्या टेबलाशी आले.

“कारागीर, डाव्या बटणाला जंपर मारा.”

मला वाटलं ही परीक्षा आहे. इतके दिवस वाट बघितली ती घडी आली. मी म्हणाले, “सर, तुम्हाला सगळं माहीत आहे ना? मग सरळ बोला. सविताच्या मशीनला मीच मारला होता.”

“माहीत आहे. मी त्यासाठी नाही आलो. आकडा होत नाही. त्या बायका खोळंबतात. मारा.”

“नाही मारणार.”

“इतरांना मारलात ने?” सरांचा आवाज चढला. दोन वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत मी निरखून बघितलं, कुठे थट्टा आहे का, धडा आहे का. काही नव्हतं. दमलेला, चिडलेला एक हेल्पर होता.

मी मारला. माझ्या आयुष्यात मी केलेल्या ज्या गोष्टीचा मला अर्थ लागत नाही, ती ही. सविताच्या वेळचं मला कळतं. हे नाही.

चौदाव्या दिवशी त्यांची पट्टी तिरकी बसली. मी तेव्हा दहा पावलांवर होते. सरांचा डावा हात आत गेला आणि उजव्या हातानं बटण दाबलं. ठोकळा आला आणि गेला. सर हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजत होते. पाचही होती. कापडी हातमोज्याचं एक टोक साच्यात चपटं होऊन पडलं होतं, नाण्यासारखं.

त्यांनी लाल बटण दाबून मशीन थांबवलं, निळा शर्ट काढून घडी केला, मशीनवर ठेवला आणि बनियनवरच फाटकाबाहेर गेले. सुपरवायझर “काका, ओ काका” करत राहिला. मी मागे धावले. बाहेरच्या चहाच्या टपरीवर ते बाकावर बसले होते. हातातला फाटका हातमोजा उलटसुलट करून बघत होते.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “मी अठ्ठावीस वर्षं हेच शिकवतो. तरी गेला.”

मी त्यांच्याजवळ बाकावर बसले.

“मी घातला नाही म्हणावं तर माझाच हात. मी घातला म्हणावं तर मी कशाला घालीन?” मग थोड्या वेळानं, “मी तिला तीनदा विचारलं ने? तिच्या आईसमोर.”

भरपाईच्या दाव्याची सुनावणी लागली तेव्हा सरांनी सविताच्या वकिलांना सांगितलं, मला साक्ष द्यायचीय. वकिलांना आनंद झाला. अनुभवी शिक्षक, त्याच मशीनवर काम केलेला. कंपनीचं म्हणणं होतं की जंपर असा काही प्रकार तिथे नव्हताच, आणि असलाच तर तो त्या मुलीनं स्वतःच्या मर्जीनं केला. सरांनी उभं राहून सांगितलं की जंपर आहे, बहुतेक मशीनांना आहे. सविताचे वकील मान हलवत होते.

मग कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “तुमच्या मशीनला होता?”

“होता.”

“कुणी जबरदस्ती केली होती?”

“नाही. मी मागितला.”

सविताच्या वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“म्हणजे कामगार स्वतःहून मागतात.”

“हो. मी स्वतःहून मागितला. अकराव्या दिवशी. पहिल्या दिवशी कुणी मला दिला असता तर मी तक्रार केली असती.”

“मग अकराव्या दिवशी का मागितला?”

“मला कळत नाही,” सर म्हणाले. “मी पुष्कळ विचार केला. कुणी मला मारलं नाही, कुणी दम दिला नाही. तरी मी मागितला. तुम्हाला कळत असेल तर सांगा, मी लिहून घेतो.” आणि त्यांनी खरोखर खिशातून वही काढली.

कुणीतरी मागे हसलं. सुनावणी घेणारे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तार कुणी जोडली?”

“ते मी सांगणार नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिथे मी का उभी राहिले, हेही मला नीट सांगता येणार नाही. धैर्य वगैरे नव्हतं. सर एवढ्या माणसांत ‘मला कळत नाही’ म्हणून उभे होते आणि मला मात्र निदान एक गोष्ट पक्की माहीत होती. मी म्हणाले, “मी जोडली. सगळ्यांची मीच जोडली.” साहेबांनी पुढच्या तारखेला माझी साक्ष घेतली. सुपरवायझरनं काय सांगितलं ते मी सांगितलं, सवितानं मागितला ते सांगितलं, अपघातानंतर मी काय काढून घेतलं तेही.

निकाल सविताच्या बाजूनं लागला. पण त्या पहिल्या दिवशी बाहेर आलो तेव्हा सगळं बुडालं असंच वाटत होतं. तिचे वकील सरांशी न बोलता निघून गेले. तिचे वडील मला काही म्हणाले नाहीत, पण माझ्याजवळून दूर सरकून उभे राहिले. सर एका झाडाखाली चपलेनं माती उकरत होते. सविता त्यांच्याकडे गेली.

“सर, तुम्ही ‘कळत नाही’ म्हणालात ते बरं केलंत.”

सरांनी माती उकरायची थांबवली.

“सगळे मला सांगतात, तुला कळायला हवं होतं. सहा महिने तेच ऐकतेय.”

मग ती माझ्याकडे वळली. “तू पण ये इकडे,” ती म्हणाली. एवढंच. आम्ही तिघांनी स्टँडवर वडापाव खाल्ला. सविता उजव्या हातानं खात होती आणि डावा ओढणीत होता, तो तिनं काही वेळानं बाहेर काढून ठेवला.

माझं कॉन्ट्रॅक्ट कंपनीनं पुढे चालू ठेवलं नाही. मी आता नरपड-बोर्डीच्या वाड्यांतल्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करते, त्यात भागतं. सविता गावातच शिवणकाम करते. दोन बोटं नसताना कापड कसं धरायचं ते तिनं स्वतः शोधून काढलं. सरांना संस्थेनं परवानगी न घेता नोकरी केल्याबद्दल लेखी समज दिली. त्यांनी ती वाचली, सही केली आणि त्याच कागदाच्या मागे अर्ज लिहिला: सुरक्षिततेचा तास माझ्याकडून काढून घ्यावा, मला तो विषय येत नाही.

तास दुसऱ्या कुणाला द्यायला संस्थेकडे माणूस नव्हता. तेव्हा सर झरीला गेले, सविताच्या आईनं दिलेला चहा प्यायले आणि नव्या वर्गासमोर एकदा बोलायला सविताला घेऊन आले. मला तिनं सोबतीला नेलं.

सर शेवटच्या बाकावर बसले, मांडीवर वही. सविता फळ्यासमोर उभी राहिली. तिनं हात लपवला नाही. काय झालं ते तिनं सांगितलं, जेमतेम दहा मिनिटांत. मी जंपर मारला हेही, माझ्याकडे बोट दाखवून.  कुणालाच काही विचारायचं नव्हतं. मग मागून सरांनी हात वर केला.

“मॅडम,” ते म्हणाले, “मग आम्ही काय करायचं?”

सविता गोंधळली.  “ते मला नाही माहीत, सर. मला ते सगळं पाठ होतं. पण त्या महिन्यात कुणी मला एकदा विचारलं असतं ना, दमलीस का, तर मी हो म्हणाले असते.”

सरांनी ते लिहिलं नाही. ते उठले, बाकांमधून चालत पुढे आले आणि पहिल्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यासमोर थांबले. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

“तुम्ही दमलाय का?” त्यांनी विचारलं.

तो इकडेतिकडे बघायला लागला. ही थट्टा आहे की कसं, त्याला कळेना. सर थांबून राहिले.

“हो, सर,” तो हळूच म्हणाला. “रात्रपाळी करून आलोय.”